उत्तर काकूंनाच देऊ द्या

"या काकू, बसा. कुठल्या तुम्ही?"

"सातारा. म्हणजे सातारा जिल्हा," मुलाने सांगितलं.

"शिक्षण कुठवर झालंय?"

"जुनी अकरावी. मराठी मीडियम," पुन्हा मुलगाच.

"चहा घेणार ना थोडा?"

"नको, ती या वेळेला घेत नाही."

काकू पर्सचा बंद घट्ट धरून माझ्याकडे बघत नुसत्या हसत होत्या.

२०२५ सालच्या मार्चमधला हा शनिवार. न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या सार्वजनिक लायब्ररीत आम्हाला दर शनिवारी दोन तास एक छोटी खोली मिळते. तिथे आम्ही तिघी-चौघी मैत्रिणी आपल्याकडच्या आई-वडिलांकडून अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेतो. फी नाही, हजेरी नाही. घरून थर्मासमध्ये चहा आणि डब्यात चिवडा असतो, एवढाच काय तो थाट.

मुलाचा हेतू वाईट नव्हता हो. सुट्टीच्या दिवशी आईला घेऊन आला होता बिचारा. पण मला मात्र परीक्षेचा दिवस डोळ्यांसमोर दिसायला लागला. त्या दिवशी हा बाहेर बसणार. आत टेबलाच्या एका बाजूला अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला काकू. तिथे "ती घेत नाही" असं सांगायला कोण असणार?

खरं सांगू का मैत्रिणींनो, इतके शनिवार घालवल्यावर माझं एक पक्कं मत झालंय. आमच्या काकू-मावश्यांना अमेरिकेचा इतिहास फारसा अवघड जात नाही. अवघड जातं ते स्वतःचं उत्तर स्वतः देणं. बँक मुलगा बघतो, डॉक्टरांशी सून बोलते, फोन आला तर नातू घेतो. ज्या बाईने गावाकडे एकटीने घर चालवलं, तलाठ्याकडे दहा खेपा घातल्या, ती इथे येऊन पाच वर्षांत गप्प होऊन जाते. आणि मग एक दिवस आपण तिला सांगतो, चल, आता सरकारी अधिकाऱ्यासमोर इंग्रजीत बोल!

आधी विचारा, हवंय का?

म्हणून आमच्याकडे पहिला प्रश्न पुस्तकातला नसतो. मी मुलाला म्हटलं, "अरे, तू जरा खाली जाऊन पेपर वाच बघू." तो गेल्यावर काकूंना विचारलं, "काकू, तुम्हाला हवंय का हे नागरिकत्व?"

काकू थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, मला सातारला सलग आठ महिने राहायचंय. आंबे बघून, गणपती करून यायचं. पण सहा महिने होत आले की हा तिकीट पाठवतो. म्हणतो, ग्रीन कार्ड जाईल."

ऐकायला गंमत वाटेल, पण बरेच आई-वडील अमेरिकेचे नागरिक होतात ते भारतात निवांत राहता यावं म्हणून! ग्रीन कार्ड हे इथे कायम राहणाऱ्याचं कार्ड. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर नागरिकत्वासाठी लागणाऱ्या वास्तव्यात खंड पडला असं धरलं जाऊ शकतं. वर्षभर बाहेर राहिलात तर कार्डावरच गदा येऊ शकते. नागरिकाला ही भीती नाही. अमेरिकन पासपोर्ट आणि भारताचं ओसीआय कार्ड हातात असलं की गावच्या घरी हवं तितकं राहता येतं.

पण याची दुसरी बाजूही आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआयवर भारतात राहता येतं, पण मत देता येत नाही आणि नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. ओसीआय हातात येईपर्यंत भारतात जायचं तर व्हिसा काढावा लागतो.

"म्हणजे सातबाऱ्यावरचं माझं नाव?" काकूंनी लगेच विचारलं. काका गेल्यावर ते नाव चढवायला त्यांनी दोन वर्षं घालवली होती.

"ते राहतं. आधीपासून असलेली जमीन ठेवता येते, वारसाहक्काने आलेलीही घेता येते."

"आणि मत?"

"ते मात्र जातं काकू."

काकू म्हणाल्या, "मी एकही निवडणूक चुकवलेली नाही. मला विचार करू दे." मुलाला हे कळलं तेव्हा तो चकित झाला. त्याने अर्ज अर्धा भरूनसुद्धा ठेवला होता! काकूंनी दोन आठवडे घेतले. तिसऱ्या शनिवारी आल्या आणि वही पुढे करून म्हणाल्या, "चला, करा सुरुवात. मत इथे देईन."

पासष्टीनंतर परीक्षा नाही?

हा गैरसमज मला दर महिन्याला ऐकू येतो. कोणीतरी पार्टीत सांगितलेलं असतं, "अगं, पासष्टच्या पुढे सगळं माफ आहे." तसं नाही. नुसतं वय पुरत नाही, ग्रीन कार्डावर काढलेली वर्षंही बघतात.

वय ५० आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजी माफ होतं. इतिहास आणि राज्यकारभाराचे प्रश्न मात्र द्यावे लागतात. ते आपल्या भाषेत, दुभाष्यामार्फत देता येतात. वय ६५ आणि २० वर्षं झाली असतील तर अभ्यासाला फक्त २० प्रश्नांची छोटी यादी असते. त्यातले १० विचारतात, ६ बरोबर यावे लागतात. हे सगळं अर्ज करतेवेळचं वय आणि वर्षं.

आता हिशेब करा. आपले आई-वडील इथे येतात ते बहुतेक साठीनंतर, मुलाने किंवा मुलीने बोलावल्यावर. बासष्टाव्या वर्षी आलेल्या काकूंना १५ वर्षं पुरी व्हायला सत्त्याहत्तरी गाठावी लागेल! म्हणजे सवलत कागदावर आहे, पण आपल्या काकूंच्या वाट्याला ती क्वचितच येते. त्यांना पाच वर्षांनी अर्ज करायचा तर इंग्रजीतूनच परीक्षा द्यावी लागते.

विस्मरणाचा आजार किंवा दुसरा काही गंभीर विकार असेल आणि त्यामुळे शिकणंच शक्य नसेल, तर एन-६४८ नावाचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घेऊन सूट मागता येते. नुसतं "वय झालं" किंवा "शिक्षण कमी" हे कारण चालत नाही. ऐकू कमी येणं, दिसायला त्रास, चाकाची खुर्ची यासाठीची सोय मात्र आधी कळवून मागून घेता येते. लाजू नये. आमच्या एका आजी कानाचं यंत्र पर्समध्ये ठेवून सरावाला यायच्या, "बरं दिसत नाही" म्हणून!

अर्जाचा फॉर्म एन-४००. पाच वर्षं पुरी होण्याच्या ९० दिवस आधीपासून तो भरता येतो. त्या पाच वर्षांतले निदान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात. १ एप्रिल २०२४ पासून फी ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर आणि कागदी अर्जाला ७६० डॉलर झाली. घरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर ३८० डॉलरची सवलतीची फी आहे, पण त्यासाठी कागदी अर्जच करावा लागतो. भारतात लांबलचक मुक्काम झाला असेल किंवा कधी पोलिसांशी संबंध आला असेल, तर अर्जाआधी वकिलाला जरूर विचारा. तिथे शेजारणीचा सल्ला कामाचा नाही.

लोकसभेवरून काँग्रेस

आता अभ्यासाकडे वळू. परीक्षा चार गोष्टींची. अधिकाऱ्याशी इंग्रजीत बोलणं, एक वाक्य वाचणं, एक वाक्य लिहिणं आणि राज्यकारभार-इतिहासाचे तोंडी प्रश्न. वाचायला आणि लिहायला प्रत्येकी तीन वाक्यांपर्यंत संधी मिळते, त्यातलं एक जमलं की झालं. त्यासाठी लागणारे शब्द सरकारने आधीच जाहीर केलेले आहेत. यादी दोन पानांत मावते. उच्चार मराठी वळणाचा असला तरी समजला की पुरे. स्पेलिंगची बारीक चूकही अर्थ कळत असेल तर चालते.

काकूंनी पहिल्या दिवशी प्रश्नांची यादी बघितली आणि वही मिटली. "हे पाठ नाही व्हायचं बाई." मी म्हटलं, "काकू, नक्षत्रं किती?"

"सत्तावीस."

"अमेरिकेच्या घटनेत दुरुस्त्याही सत्तावीस. ग्रह किती?"

"नऊ."

"सुप्रीम कोर्टात न्यायाधीश नऊ. लोकसभेवर किती खासदार निवडून जातात?"

"पाचशे त्रेचाळीस."

"त्यातला पाच उचला आणि शेवटी ठेवा. चारशे पस्तीस. तेवढे इथल्या प्रतिनिधीगृहात. राज्यसभेची मुदत सहा वर्षं, तशीच इथल्या सिनेटरची सहा."

काकू हसायला लागल्या. "म्हणजे मला निम्मं येतंय की!"

येतंच असतं. आपल्या बायकांना कमी येतं असं नाही, ते इंग्रजीत कसं सांगायचं एवढंच ठाऊक नसतं. म्हणून आम्ही प्रत्येक प्रश्न आधी मराठीत समजून घेतो. घटनेची सुरुवात "आम्ही लोक" या अर्थाच्या शब्दांनी होते म्हटल्यावर काकूंना शाळेच्या पुस्तकातली आपली उद्देशिका आठवली. बायकांच्या हक्कांसाठी लढलेल्या सुझन अँथनीचं नाव आलं, तेव्हा अमेरिकेत सगळ्या देशातल्या बायकांच्या मताला घटनेचं संरक्षण १९२० साली मिळालं हेही सांगितलं. "आपल्याला तर पहिल्याच निवडणुकीपासून!" काकू अभिमानाने म्हणाल्या. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले होते, मुंबईत मणिभवनात राहिले होते, हे ऐकल्यावर गिरगावच्या एक मावशी ते नाव कधी विसरल्या नाहीत.

सराव कानाने करायचा. काकूंचा नातू रोज सकाळी शाळेत जाण्याआधी पाच प्रश्न फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचा. पोळ्या लाटताना काकू ते ऐकून मोठ्याने उत्तर द्यायच्या. नातवाच्या आवाजाचा दुहेरी फायदा, अमेरिकन उच्चारांची सवय होते आणि आजीचा गुरुजी घरातच! लिहिण्याचा सराव कागदावर झाला की टॅब्लेटवरही करा, कारण तिथे बहुधा टॅब्लेटवरच लिहायला देतात. त्या गुळगुळीत काचेवर काकूंचं अक्षर पहिल्यांदा उंदीर धावल्यासारखं आलं होतं.

'हो हो' आवरा!

सगळ्यात जास्त वेळ आम्ही देतो तो अर्जातल्या प्रश्नांना. हेच प्रश्न मुलाखतीत तोंडी विचारतात. कधी अटक झाली होती का? बेकायदा जुगार खेळलात का? एकाच वेळी दोघांशी लग्न? कम्युनिस्ट पक्षात होतात का? इथे मतदार म्हणून नाव नोंदवलंत का?

आणि आपल्याकडची रीत अशी, की मोठ्या माणसाने काही विचारलं की समजो न समजो, मान डोलावून "येस, येस" म्हणायचं. आमच्या सरावात एका आजींनी अटक, जुगार आणि दोन लग्नं या सगळ्याला गोड हसून "येस" म्हटलं होतं! आम्ही पोट धरून हसलो, त्याही हसल्या. पण खऱ्या खोलीत ते हसण्यावारी जात नाही. म्हणून आम्ही एक वाक्य घोटून घेतो, "प्लीज रिपीट." कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. त्यात कमीपणा नाही.

लालबागच्या एक मावशी कम्युनिस्टवाला प्रश्न आला की अडखळायच्या. सासरे गिरणीत लाल बावट्याचे ना! "ते सांगायला नको का?" मी म्हटलं, "मावशी, तो तुमच्याबद्दल विचारतोय. तुम्ही होतात का?" "मी कशाला? मी मोर्चाला डबे दिले." मग जे खरं आहे तेच सांगायचं. खोटं काही नाही आणि न विचारलेलं पुराणही नाही.

अर्जात एक रकाना असतो, याआधी वापरलेली नावं. काकूंच्या मुलाने तिथे "नाही" लिहिलं होतं. मी वाचून दाखवल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "आहे की." लग्नात त्यांचं नाव बदललं होतं. मुलगा पेन हातात धरून तसाच बसला. पंचेचाळिशी गाठलेल्या त्या मुलाला आईचं माहेरचं नाव तेव्हा पहिल्यांदा कळलं. काकूंनी ते स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरात लिहिलं.

तो दिवस

काकूंचा इंटरव्ह्यू २०२५ च्या सप्टेंबरमध्ये झाला. इस्त्रीची नारायणपेठ नेसून गेल्या. आदल्या रात्री मला फोन, "अगं, नापास झाले तर ग्रीन कार्ड घेतात का काढून?" नाही घेत. पहिल्या वेळी एखादा भाग राहिला तर ६० ते ९० दिवसांत तेवढ्याच भागाची पुन्हा संधी मिळते. तीही हुकली तर नवा अर्ज करता येतो. परीक्षेत नापास झालं म्हणून ग्रीन कार्ड जात नाही.

त्या वेळच्या परीक्षेत १०० प्रश्नांच्या यादीतले दहापर्यंत विचारायचे आणि सहा बरोबर यावे लागायचे. सहा झाले की अधिकारी थांबतो. हे सांगायचं मी नेमकी विसरले होते! काकूंनी ओळीने सहा उत्तरं बरोबर दिली आणि अधिकारी गप्प झाला. काकूंना वाटलं, काहीतरी चुकलं. त्या त्याला म्हणाल्या, "आस्क मोअर. आय नो." तो हसला आणि पास झाल्याचं सांगितलं.

बाहेर आल्यावर मुलाने विचारलं, "आई, काय काय विचारलं?" काकूंनी सगळं सांगितलं, जिना उतरेपर्यंत बोलतच होत्या. तो नंतर मला म्हणाला, "मावशी, आई एवढं बोलते हे मी विसरलोच होतो."

आता परीक्षा बदलली आहे. २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर अर्ज करणाऱ्यांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली. २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. बारा बरोबर किंवा नऊ चूक झाले की तिथेच थांबतात. ६५ वर्षं वय आणि २० वर्षं ग्रीन कार्ड असणाऱ्यांची छोटी यादी मात्र अजून आहे. त्यामुळे कोणाकडून जुनी झेरॉक्स घेऊन अभ्यास करू नका. आमच्याकडे आलेल्या एका आजोबांनी एका एजंटाला पैसे मोजून जुनीच यादी विकत घेतली होती. तीन महिन्यांचं पाठांतर, त्यातलं बरंचसं नव्याने करावं लागलं. सरकारी संकेतस्थळावर ताजी यादी आणि सरावाचं साहित्य फुकट मिळतं. बऱ्याच लायब्रऱ्यांतही असे वर्ग असतात, चौकशी करा.

आणि मुलामुलींनो, तुम्ही एवढंच करा. फॉर्म भरताना आईला शेजारी बसवा आणि प्रत्येक रकाना तिला वाचून दाखवा. डॉक्टरांकडे पहिली दोन वाक्यं तिला बोलू द्या. दुकानात पैसे तिला देऊ द्या. वेळ लागेल, मागची रांग खोळंबेल, खोळंबू दे. परीक्षेची निम्मी तयारी तिथेच होते.

सातारच्या काकू शपथ घेऊन आल्या, ओसीआयचा अर्ज भरला आणि तरीही शनिवारी येतात. आता चहा त्या आणतात. मध्ये एक मुलगी आईला घेऊन आली. मी विचारलं, "कुठल्या हो तुम्ही?"

"आम्ही अकोल्याच्या," मुलीने तोंड उघडलं.

काकूंनी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तू पी गं. तिला सांगू दे."